खड्डे खणायची घाई करू नकोस

लेकरा,

पत्र पोचलं. पाटोद्याकडची तुमची चार एकर पोटखराब, पेरायला न येणारी जमीन, थोरला भाऊ म्हणतो बांबू लावू, चुलते म्हणतात मुरूम विकून मोकळे होऊ, शहरातली एक मंडळी फुकट रोपं द्यायला निघालेली, आणि मधे तू झाडांची लांबलचक यादी घेऊन उभी. यादी वाचली. गुलमोहर तूच खोडलास, माझी शाई वाचली. रेन ट्रीही खोड. करंज चांगला, पण त्याला ओढ्याचा ओलावा मानवतो. तुझ्या बरड माळावर तो नुसता जीव धरून राहील. वड-पिंपळाचंही तेच.

उरलेल्या यादीवर मी बोलणार नाही, कारण या पावसाळ्यात तू एकही झाड लावायचं नाहीस. पुढच्याही नाही. आधी गवत येऊ दे.

राग येईल. येऊ दे, पण पुढचं वाच.

त्या चार एकरांत आज काय आहे हे तू लिहिलंच नाहीस. 'सगळं उजाड आहे' एवढंच. परभणीला जाऊन शेतकी शिकलीस आणि जमिनीचं वर्णन तीन शब्दांत उरकलंस? उद्या ऊन चढायच्या आत जा आणि उकिडवी बसून बघ. शेळ्यांनी खाऊन खाऊन गुडघ्याएवढं ठेवलेलं बोराचं झुडूप सापडेल. त्याच्या बुडाची माती जरा उकर. खाली बुंधा मनगटाएवढा जाड निघतो. जून झाड आहे ते. दरसाल फुटतं, दरसाल खाल्लं जातं. हिवराची गत तीच. पळसाची मुळं तर जमिनीखालून जाऊन लांबवर नवे फुटवे काढतात. रोपवाटिकेच्या पिशवीत गोल गोल वळलेली वीतभर मुळं तू विकत आणणार, आणि ही मुरमात खोल उतरलेली मुळं फुकट पडून आहेत. त्यांना टँकर नको, खत नको. त्यांच्यावरची तोंडं थांबली पाहिजेत, बस.

बोराच्या जाळीत जरा वाकून बघ. बऱ्याचदा आत कडुलिंबाचं पोर उभं असतं. मैना, बुलबुल काट्यावर येऊन बसतात, लिंबोळी खाऊन बी खाली टाकतात. काट्यात शेळीचं तोंड शिरत नाही, म्हणून ते वाचतं, आणि काही वर्षांनी बोराच्या डोक्यावरून वर जातं. आपल्याकडच्या बांधांवरचे कितीतरी लिंब असेच आलेत, कुणी लावले नाहीत. गवत, मग काटा, मग झाड. हा क्रम तुझ्या-माझ्या घाईनं बदलत नाही.

चराई थांबली की पहिल्यांदा कुसळी माजेल. घरचे म्हणतील, बघा, कुसळं पिकवली पोरीनं. एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर थेंबभर पाणी सोड. त्याची शेपटी पीळ सोडत फिरायला लागते. ओल मिळाली की फिरते, वाळली की उलटी वळते, आणि असं फिरत फिरत टोकाचं बी जमिनीत स्वतःला घुसवून घेतं. धोतरातून पायाला टोचणारी हीच ती शहाणी वस्तू. कुसळीनं माती धरली आणि जवळपास बी असलं की हळूहळू शेडा, पवना, मारवेल ही वैरणीची गवतं परत येतात. त्यांच्या मुळांनी मुरूम सैल होतो, पाऊस वाहून न जाता मुरतो. मराठवाड्यात सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तुमच्या पाटोदा-आष्टीकडे त्याहून कमी, तोही चार-सहा दणक्यांत पडून जातो. उघड्या माळावर तो दणका झेलायला गवताशिवाय आहे कोण?

शहरातली मंडळी मियावाकी पद्धतीनं लावू म्हणतात. अकिरा मियावाकी मोठा माणूस, त्यांच्या जपानात पाऊस मोठा. त्यांची रीत म्हणजे चौरस मीटरला तीन-चार रोपं, खाली खत-भुसा घालून तयार केलेली माती, वर दोन-तीन वर्षं नेमानं पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं प्यायचं पाणी आणलं, तेव्हा तू शाळेत असशील. तुमच्या गावात मे महिन्यात टँकरपुढं घागरींची रांग लागते आणि तू त्याच टँकरचं पाणी रोपांना घालणार? पहिल्याच उन्हाळ्यात गाव तुझ्या झाडांना शिव्या देईल, आणि चूक गावाची नसेल.

तू पालवणचं उदाहरण दिलंस. बीडजवळच्या त्या डोंगरावर सह्याद्री देवराई उभी राहिली, २०२० साली तिथं वृक्षसंमेलन भरलं, मला त्याचा आनंदच आहे. पण तिथं पाणी घालणारे, राखण करणारे हात आहेत. तुझ्याकडे तू आहेस, आणि तूही वर्षातले आठ महिने नोकरीच्या गावी. म्हणून आधी गवत. ते तुझ्या माघारी वाढतं.

शिवाय माळाला माळ म्हणूनही किंमत आहे, हे आपल्या डोक्यात शिरत नाही. सोलापूर जिल्ह्यात नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. त्या पक्ष्याला गवत आणि मोकळी नजर लागते, गर्द झाडी नाही. चंडोल गवताच्या बुडाशी अंडी घालतो. उद्या तुझ्या चार एकरांत मधे मधे हिवर, बोर, लिंब आणि खाली कमरेएवढा पवना एवढंच झालं, तर मी म्हणेन जमलं. फोटोत ते हिरवंगार दिसणार नाही. न दिसो.

गावात मला 'गवत्या मास्तर' म्हणतात, तुझ्या कानावर आलं असेलच. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली आणि मास्तरनं एक झाड लावल्याचं कुणी पाहिलं नाही, असंही म्हणतात. खरं आहे, नाही लावलं. आमच्या गायरानात शेळ्या येऊ नयेत म्हणून घरोघर जाऊन हात जोडले. मारवेल आला होता, त्यातून हिवर डोकं काढत होते. मग एका मोहिमेत जेसीबी आला, ओळीनं खड्डे पडले, गवत मुरमाखाली गेलं, पाहुण्यांच्या हस्ते रोपं लागली. उन्हाळ्यानंतर खड्डे तेवढे उरले. मी आडवा गेलो होतो. 'मास्तर, तुम्ही झाडांच्या विरोधात आहात का?' असं चारचौघांत विचारलं मला. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यानं तेहतीस कोटी झाडांचा संकल्प सोडला, तेव्हाही मी हेच विचारत होतो की लावलेली मोजता, मग राखलेली कोण मोजणार? राखलेल्या झाडाचा आकडा कुठल्याच तक्त्यात बसत नाही. त्या गायरानातले हिवर आज माझ्या उंचीचे असते, ही खंत मी बरोबर घेऊनच जाणार. असो, तुझ्या पत्रात माझं गाऱ्हाणं नको.

तू म्हणशील, गवत रोपाचं पाणी ओढतं, असं आम्हाला शिकवलंय. बरोबरच शिकवलंय. पिशवीतल्या रोपाला गवत मारतं, म्हणून तर रोप नको म्हणतोय! मुळापासून फुटलेलं झाड आणि जागेवर रुजलेलं बी गवताशी झगडूनच मोठं होतं. तिसऱ्या पावसाळ्यात हात शिवशिवले तर बी टोकायला माझी ना नाही. बाभूळ आणि हिवराचं बी शेळ्यांच्या वाड्यातून वेच, पोटातून गेलेलं चांगलं रुजतं. लिंबोळी ताजीच पेर, ठेवलीस तर फुकट गेली. बहाव्याचं बी कडक, गरम पाण्यात भिजव. सीताफळ परदेशी आहे हे मला ठाऊक आहे, तरी चार टोक. बालाघाटात जन्म काढून मी सीताफळाला परकं म्हणणार नाही, मग कुणी काही म्हणो.

वाळलेलं गवत पेटतं, हा धोका खरा. संक्रांतीच्या आत चारी बाजूंनी बैलगाडी जाईल एवढा जाळपट्टा, म्हणजे गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढायचा. गवत जाळलं की चांगलं फुटतं, असं सांगणारे भेटतील. भांडायला बसू नकोस, पट्टा काढ.

आता शेळ्या. तारेचं कुंपण घालायचा विचार सोड, पैसे जातील आणि तारही जाईल. तिथं कोण चारतं ते आधी शोध. बहुतेक ज्यांच्याकडे गुंठाभर रान नाही अशांच्याच शेळ्या असतात. जमीन तुमच्या सातबाऱ्यावर असली तरी त्यांचं पोट त्या माळावर आहे, तेव्हा नुसतं 'येऊ नका' म्हणून चालायचं नाही. बी झडल्यावर, दिवाळीनंतर, गवत विळ्यानं कापून न्या म्हणावं, पैसा घेणार नाही, पण जनावर आत सोडायचं नाही. हे वडिलांना बोलायला लाव. तुझ्या वयाच्या पोरीचं ते ऐकून घेतील पण धरणार नाहीत. आणि चुलत्यांना सांग, मुरूम एकदाच विकता येतो, वैरण दरसाल उगवते.

पुढच्या पत्रात झाडांची यादी पाठवू नकोस. माळावर काय काय फुटलेलं दिसलं ते लिही, नावं येत नसतील तर पानं कागदात दाबून पाठव. आणि शेळ्यावाल्यांशी काय ठरलं ते आधी कळव.

तुझा,
मास्तर