सॅक्सोफोनसाठी ओठांचा कंट्रोल कसा वाढवायचा?

ऑल्टो सॅक्स वाजवताना ओठ लगेच थकतात आणि वरचे सूर चढे लागतात असं तुम्ही लिहिलंय, तर बहुतेक वेळा यात ओठ कमजोर नसतात, खालच्या जबड्याने रीड (माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या भागावर बसवलेली पातळ पट्टी) चावली जात असते. त्याने रीडचं कंपन दबतं, सूर चढतो आणि खालच्या ओठाला आतून दातांचे वळ उठतात, आरशात बघा, लगेच कळेल. जोर हवा तो ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत, तेही माउथपीसकडे आत ओढलेले, हसल्यासारखे बाजूला ताणलेले नाही.

रोज आधी ट्यूनर (सूर मोजणारं यंत्र) समोर ठेवून नुसता माउथपीस फुंका. ऑल्टोचा साधारण ८८० हर्ट्झचा ए हा सूर यायला हवा, बराच वर जात असेल तर चावताय. मग लाँग टोन, म्हणजे एकच सूर लांब धरायचा, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर लावून हळू आवाजात सुरू करायचं, आवाज वाढवायचा, परत हळू आवाजात, आणि ट्यूनरची सुई जागची हलू द्यायची नाही. कंटाळा येतो मान्य, पण माझ्या मते याच्या तोडीचा दुसरा रियाज नाही. नंतर ओव्हरटोन, म्हणजे सगळ्यात खालचा बी फ्लॅट धरून बोटं न हलवता त्याच्या वरचा बी फ्लॅट आणि मग एफ काढायचा, तो ओठ दाबून निघत नाही, जीभ आणि घशाचा आकार बदलून निघतो.

नवीन असाल तर रीड २ किंवा २.५ नंबरचीच ठेवा. आणि कोपऱ्यांतून हवा गळायला लागली की थांबा, थकल्या ओठांनी रेटलं की चावायची सवय परत लागते.