फुकटचे व्हॉइस चॅट आणि झाकलेला कोड

प्रश्न : आम्ही काही मित्र ऑनलाइन गेम खेळताना एकमेकांशी बोलण्यासाठी फुकट मिळणारे व्हॉइस चॅट सॉफ्टवेअर वापरतो. आमच्यापैकी एकाचा आग्रह असा की, ज्याचा सोर्स कोड (प्रोग्राम ज्यातून तयार होतो तो मूळ मजकूर) पाहता येत नाही ते सॉफ्टवेअर संगणकावर घेऊच नये. दुसऱ्याचे म्हणणे असे की, जी कंपनी काहीही न घेता सेवा देते तिच्याकडे वर कोडही मागणे अवाजवी आहे. अशी सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेली, असावीत का, याबद्दल आपले मत काय?

उत्तर : व्हॉइस चॅटचे तीन भाग पडतात : आपल्या संगणकावर चालणारा क्लायंट, मधला सर्व्हर, आणि या दोघांमध्ये आवाज कोणत्या रूपात व कोणत्या नियमांनी जातो तो प्रोटोकॉल. कोड उघडा असण्याचा उपयोग या तिन्हींमध्ये सारखा नाही, म्हणून सरसकट 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देता येत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. क्लायंटचा आणि एन्क्रिप्शनचा (आवाज किल्लीने कुलूपबंद करण्याचा) कोड उघडा असावा असा आग्रह वापरणाऱ्याने धरणे रास्त आहे, मग सेवा फुकट असो वा विकतची. सर्व्हरचा कोड उघडा असणेही चांगले, पण त्याचे कारण निराळे आहे आणि विश्वासाशी त्याचा फारसा संबंध नाही.

क्लायंट काय काय करतो ते जरा जवळून पाहावे. माइक त्याच्या हाती असतोच. गेम पूर्ण पडद्यावर चालू असतानाही पुश-टू-टॉकची (दाबून धरली असतानाच आवाज पाठवणारी) कळ ओळखता यावी, म्हणून त्याला बहुतेक वेळा स्वतःच्या खिडकीबाहेर दाबल्या जाणाऱ्या कळांवरही लक्ष ठेवावे लागते. सध्या कोण बोलत आहे त्याचे नाव गेमच्या चित्रावर दाखवायचे असेल, तर पुष्कळदा त्याला गेमच्या चालू प्रोग्राममध्ये स्वतःचा कोड शिरवावा लागतो. आपण कोणता गेम खेळत आहात हे मित्रांना कळावे, यासाठी संगणकावर चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी तो वाचतो. यातले प्रत्येक काम आपल्याच सोयीसाठी आहे हे मान्य. पण हीच कामे एखाद्या अनोळखी प्रोग्रामने एकत्र केली असती, तर अँटिव्हायरसने लगेच धोक्याची घंटा वाजवली असती. ज्याला इतके अधिकार द्यायचे, तो त्या अधिकारांचे नेमके काय करतो हे तपासण्याची सोय असावी, ही मागणी मला मुळीच टोकाची वाटत नाही.

आवाजाच्या वाहतुकीची गोष्ट वेगळी आहे, कारण तो बराचसा भाग आधीच उघडा आहे आणि ते पुष्कळांना ठाऊक नसते. आज बहुतेक ठिकाणी वापरला जाणारा ऑपस हा कोडेक (आवाज आवळून लहान करण्याचे आणि पुन्हा उलगडण्याचे तंत्र) सप्टेंबर २०१२ मध्ये आरएफसी ६७१६ या क्रमांकाने खुले मानक म्हणून प्रसिद्ध झाला. झिफ या संस्थेचा सेल्ट आणि स्काइपचा सिल्क अशी दोन तंत्रे एकत्र करून तो घडवला आहे आणि त्याचा कोड कोणालाही वापरता येतो. आपण बोलू लागता तेव्हा क्लायंट साधारणपणे २० मिलिसेकंदांचा आवाज गोळा करतो. सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर तो ९६० नमुन्यांचा तुकडा होतो. ६४ किलोबिट प्रतिसेकंद या दराने तो तुकडा अवघ्या १६० बाइटमध्ये मावतो, एन्क्रिप्ट होतो आणि रवाना होतो. वाटेत हरवला तर सहसा पुन्हा मागवला जात नाही, कारण 'मागे बघ' ही सूचना दोन सेकंदांनी पोचून काही उपयोग नसतो. ऐकणाऱ्याकडचा कोडेक ती फट अंदाजाने भरून काढतो. मंबलसारखे पूर्णपणे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आणि डिस्कॉर्डसारखी बंद सेवा, दोन्हीकडे कोडेक हाच आहे. त्यामुळे 'ओपन सोर्समध्ये आवाज चांगला येत नाही' या समजुतीला आधार नाही. फरक पडतो तो आवाजातला गोंगाट गाळण्यात आणि सर्व्हर किती जवळ आहे यात.

आता सर्व्हर. एखाद्या कंपनीने सर्व्हरचा संपूर्ण कोड प्रसिद्ध केला, तरी तिच्या यंत्रावर नेमका तोच कोड चालू आहे याची खात्री बाहेरच्या माणसाला करून घेता येत नाही. म्हणून सर्व्हरवर विश्वास ठेवण्याची गरजच पडू नये, अशी रचना करणे हा खरा उपाय होय. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे आवाज फक्त बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांच्याच यंत्रांवर उलगडेल अशी सोय, तेच करते. सर्व्हर फक्त बंद पाकिटे इकडून तिकडे पोचवतो. डिस्कॉर्डने सप्टेंबर २०२४ मध्ये आवाज आणि व्हिडिओसाठी 'डेव्ह' नावाचा असा प्रोटोकॉल जाहीर केला, त्याचा तपशील आणि त्यासाठी लागणाऱ्या लायब्ररीचा (इतर प्रोग्रामांत वापरायच्या तयार भागाचा) कोड खुला केला, आणि बाहेरच्या संस्थेकडून त्याची तपासणी करून घेतली. बाकीचे सॉफ्टवेअर मात्र बंदच राहिले आणि लिहून पाठवलेल्या संदेशांना हे संरक्षण लागू झाले नाही. ही तडजोड आहे, पण डोळस तडजोड आहे. जिथे उघडेपणाची सर्वांत जास्त गरज होती, तो तुकडा त्यांनी उघडा केला. 'सगळे उघडा, नाहीतर काहीच नको' असे म्हणणाऱ्या आपल्या पहिल्या मित्राने याचा विचार करावा.

सर्व्हरचा कोड उघडा असण्याचे खरे मोल दिसते ते सेवा बंद पडते तेव्हा. एक्सफायर एकेकाळी गेम खेळणाऱ्यांमध्ये चांगलेच रुळले होते, ते २०१५ मध्ये बंद झाले. डिस्कॉर्डच्या आधी कित्येक गट ज्यावर बोलत असत ते स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले. दोन्ही वेळा ती सेवा चालू ठेवणे वापरणाऱ्यांच्या हाती नव्हते. याउलट मंबल २००५ मध्ये थोरवाल्ड नाटविग यांनी सुरू केले, आज त्याची देखभाल इतर स्वयंसेवक करतात, आणि उद्या तेही थांबले तरी ज्याच्याकडे सर्व्हर आहे त्याचा सर्व्हर चालूच राहील. स्वतःचा सर्व्हर चालवता येणे आणि कोड उघडा असणे या मात्र दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. टीमस्पीक या व्हॉइस चॅट सॉफ्टवेअरचा कोड बंद आहे, तरीही ३२ जणांपर्यंतचा सर्व्हर आपल्या यंत्रावर फुकट चालवता येतो. वापरण्याच्या अटी मात्र कंपनी ठरवते.

राहिला दुसऱ्या मित्राचा मुद्दा. सेवा फुकट आहे म्हणजे खर्च होत नाही असे नव्हे. दहा जणांच्या खोलीत एक जण बोलला की सर्व्हरला प्रत्येक तुकड्याच्या नऊ प्रती पाठवाव्या लागतात, आणि तो खर्च कोणीतरी सोसतोच. डिस्कॉर्ड २०१७ पासून 'नायट्रो' ही सशुल्क वर्गणी घेते. अशी वर्गणी सर्व्हर, साठवण आणि सोयी यांच्यासाठी भरली जाते. क्लायंटचा कोड उघडा केल्याने तिला धक्का बसण्याचे कारण मला तरी दिसत नाही. कंपनीची कमाई वापरणाऱ्यांच्या माहितीवर अवलंबून असेल तर गोष्ट वेगळी, आणि तसे असेल तर कोड पाहण्याची गरज अधिकच वाढते.

प्रश्न : कोड सर्वांना दिसू लागला तर हॅकरांना आयती वाट मिळणार नाही का? शिवाय क्लायंटमध्ये फेरफार करून गेममध्ये लबाडी करणे सोपे होणार नाही का?

उत्तर : पहिल्या शंकेचे उत्तर संगणकांहूनही जुने आहे. ऑगस्ट केर्कहॉफ या गुप्तलेखनाच्या अभ्यासकांनी १८८३ मध्येच असे मांडले होते की, संदेश गुप्त ठेवणारी पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी सुरक्षितता टिकली पाहिजे. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आधुनिक एन्क्रिप्शन याच तत्त्वावर उभे आहे. आवाज एन्क्रिप्ट करण्यासाठी मंबल ओसीबी-२ ही पद्धत वापरत असे. २०१८ मध्ये संशोधकांनी तीत गंभीर दोष दाखवून दिला आणि पुढे मंबलने आपल्या कोडमध्ये त्यावर उपाय केला. मंबल कोणती पद्धत वापरते आणि ती कशी बसवली आहे हे सर्वांना दिसत असल्यामुळेच हा दोष आपल्याला लागू होतो का, हे कोणालाही तपासता आले. बंद सॉफ्टवेअरमध्ये तीच पद्धत असती, तर आपल्याला कंपनीच्या निवेदनाची वाट पाहत बसावे लागले असते.

मात्र उघड्या कोडची भाबडी भलामणही मी करणार नाही. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतला हार्टब्लीड हा दोष मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून एप्रिल २०१४ पर्यंत सर्वांच्या डोळ्यांसमोर होता आणि कोणाला दिसला नाही. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या छोट्या लायब्ररीत घातलेला चोरदरवाजा तर आणखी बोलका आहे. तो चालू करणारा भाग सर्वांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात नव्हताच, तो होता वितरणासाठी तयार केलेल्या गठ्ठ्यात. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले की, दूरच्या यंत्रात लॉगिन करायला जवळपास अर्धा सेकंद जास्त लागत आहे. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते मुळाशी पोचले. म्हणून नुसता कोड प्रसिद्ध करणे पुरत नाही. त्या कोडपासून आपण स्वतः तयार केलेला प्रोग्राम आणि डाउनलोड केलेला प्रोग्राम बाइटमागून बाइट सारखा आहे हे पडताळता आले पाहिजे. ज्या सॉफ्टवेअरला ही पडताळणी साधली नाही, त्याने ओपन सोर्सचा टिळा मिरवला तरी मी त्याला अर्धेच गुण देईन.

लबाडीची शंका अधिक अवघड आहे. मंबलमध्ये आवाज गेममधल्या पात्राच्या स्थानानुसार ऐकू येण्याची सोय आहे : सहकारी डावीकडे असेल तर आवाज डाव्या कानात येतो आणि तो दूर गेला की क्षीण होतो. यासाठी बोलणाऱ्याचा क्लायंट आवाजाबरोबर पात्राचे स्थानही पाठवतो, आणि अंतरानुसार आवाज कमी करण्याचे काम ऐकणाऱ्याचा क्लायंट करतो. साहजिकच, आपल्या क्लायंटमध्ये बदल केलेल्या माणसाला दूरचा आवाजही स्पष्ट ऐकू येऊ शकतो. मित्रामित्रांच्या खेळात याने काही बिघडत नाही. पण दूरच्या खेळाडूचे बोलणे ऐकू न येणे हा ज्या खेळाचा नियमच आहे, तिथे कोणाला काय पाठवायचे हे सर्व्हरनेच ठरवायला हवे. क्लायंट बंद ठेवून हा प्रश्न सुटत नाही. बंद प्रोग्रामाची मेमरी वाचणारे आणि त्यात फेरफार करणारे लोक गेमच्या जगात कमी नाहीत. फरक एवढाच की, उघड्या क्लायंटमुळे ही चूक लवकर उघडकीस येते.

प्रश्न : माझी मुलगी गेम खेळताना अनोळखी मुलांशी बोलते. ओपन सोर्स सॉफ्टवेअर दिले तर ती अधिक सुरक्षित राहील का?

उत्तर : नाही, निदान त्यामुळे नाही. ती कोणाशी बोलते, त्रास देणाऱ्याला खोलीबाहेर कोण काढतो आणि तक्रार कोणाकडे करायची, यांपैकी कशाचेही उत्तर कोडच्या परवान्यात नसते. स्वतः चालवलेल्या सर्व्हरवर पासवर्ड देऊन ओळखीच्या मुलांनाच प्रवेश देता येतो, हा फायदा खरा आहे. पण मग तिथला फौजदारही तुम्हालाच व्हावे लागते.

प्रश्न : मी एक लहानसे व्हॉइस चॅट सॉफ्टवेअर तयार केले असून ते फुकट देतो. आता कोड खुला करावा असे वाटते. कोणता परवाना घ्यावा आणि कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : आधी दुसऱ्या कोणी काय करू नये असे आपल्याला वाटते ते ठरवा. बीएसडी किंवा एमआयटी परवान्याखाली दिलेला कोड घेऊन कोणीही बंद सॉफ्टवेअर बनवू शकतो. ऑपसचा इतका प्रसार होण्यात त्याच्या अशा सैल परवान्याचाही वाटा आहे, त्यामुळे आवाज हाताळणारी लायब्ररी वेगळी काढली असेल तर तिला हाच परवाना शोभतो. जीपीएलखाली मात्र बदललेला प्रोग्राम वाटणाऱ्याला कोडही द्यावा लागतो. यात सर्व्हरच्या बाबतीत एक पळवाट राहते : बदललेला सर्व्हर कोणाला न देता स्वतःच्याच यंत्रावर चालवला, तर ते वितरण ठरत नाही. २००७ चा एजीपीएल ही पळवाट बुजवतो, कारण नेटवर्कवरून वापरणाऱ्यांनाही त्यात कोड मिळवण्याचा हक्क आहे. आपल्या जागी मी असतो तर सर्व्हरला एजीपीएल लावला असता.

दुसऱ्यांचे तुकडे तपासून घ्या. गोंगाट गाळण्यासाठी एखादी बंद लायब्ररी परवाना घेऊन वापरली असेल, तर ती उघडी करण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिच्या जागी २०१७ मध्ये पुढे आलेले आरएनएनॉइज हे खुले तंत्र बसवून पाहता येईल. इतरांनी पाठवलेला कोड स्वीकारू लागलात की परवाना बदलण्यासाठी एरवी त्या सर्वांची संमती लागते, तेव्हा हा निर्णय आधीच पक्का करावा. सॉफ्टवेअरचे नाव मात्र कोडबरोबर देऊन टाकण्याची गरज नाही. बदललेल्या आवृत्तीला दुसरे नाव द्यावे अशी अट घालता येते.

शेवटी एक काम, जे घाईत हमखास राहून जाते. गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या प्रणालीच्या साठ्यात जुने बदलही कायम राहतात. सर्व्हरची किल्ली किंवा पासवर्ड कधीकाळी कोडमध्ये लिहिला असेल आणि नंतर खोडला असेल, तरी तो इतिहासात तसाच सापडतो. साठा सार्वजनिक करण्याआधी अशा सगळ्या किल्ल्या रद्द करून नव्या घ्याव्यात. नुसता इतिहास पुसण्यावर विसंबू नये.