नागपुरात ‘गावरान’ म्हणून विकतात ती लाल आरआयआर कोंबडी आपल्याकडचीच जात आहे का?

नाही, आरआयआर म्हणजे ऱ्होड आयलंड रेड, आणि ती अस्सल अमेरिकन जात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऱ्होड आयलंड आणि शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधल्या शेतकऱ्यांनी ती घडवली. ऱ्होड आयलंडमधल्या लिटल कॉम्प्टन गावच्या विल्यम ट्रिप या दर्यावर्द्याने मलय जातीचा लाल कोंबडा आपल्या गावठी कोंबड्यांत सोडला, तिथून ही सुरुवात मानतात. त्यात पुढे कोचीन आणि लेगहॉर्न या कोंबड्यांच्या जातींचंही रक्त मिसळलं. गडद लाल रंग मुख्यतः त्या मलय कोंबड्याकडून आला. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने १९०४ मध्ये हिला मान्यता दिली, तर १९५४ मध्ये ती ऱ्होड आयलंडचा राज्यपक्षी झाली. हिची अंडीही तपकिरीच असतात, म्हणजे अंडं तपकिरी दिसलं की गावरान, हा हिशेब इथेच चुकतो (भाव मात्र त्यावरच चढतो!). एक गोष्ट ध्यानात ठेवा: बाजारातला प्रत्येक लाल पक्षी शुद्ध आरआयआर नसतो, बरेचसे संकरित असतात. जुन्या शुद्ध वाणाचा रंग गडद, जवळपास काळपट लाल असतो. जास्त अंड्यांसाठी निवडलेल्या व्यापारी वाणांचा फिकट. पाळायलाच घ्यायची असेल तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी विचारून घ्या.