कृषी सल्ला : कढीपत्ता लावताय? मग शेजारच्या रानात काय फवारतात तेही बघा

पाऊस तोंडावर आला की कढीपत्त्याची चौकशी सुरू होते. यंदा जत, खटाव, वाळवा, तासगाव तालुक्यांतून आणि सातारा शहरातून प्रश्न आले आहेत. उत्तरं एकत्रच देतो, कारण एकाचं उत्तर दुसऱ्याच्याही कामाचं आहे. कुणाचीही नावं घेत नाही.

जत तालुका : दहा गुंठे मुरमाड रान आहे, पाणी जेमतेम. कढीपत्ता जमेल का? रोपं घरीच बियांपासून केली तर?

रान चालेल. कढीलिंब सह्याद्रीच्या जंगलात आपसूक उगवणारं झाड आहे, त्याला हलकी, निचऱ्याची जमीन मानवते. पाणी साचणारी काळी आणि क्षारपड जमीन मात्र त्याला सोसत नाही. कृष्णाकाठच्या भारी रानात लावायचाच असेल तर गादीवाफ्यावर लावा.

पाण्याचं गणित आधी नीट करा. कमी पाण्यात हे झाड मरत नाही, म्हणून लोक समजतात की याला पाणी लागत नाही. झाड जगणं वेगळं आणि पाला निघणं वेगळं. उन्हाळ्यात ओल तुटली की फूट थांबते, आणि नेमका तेव्हाच बाजारात पाला कमी असतो. दहा गुंठ्याला ठिबकचं पाणी मे अखेरपर्यंत पुरणार नसेल तर पाचच गुंठे लावा.

अंतर चार बाय चार फूट धरलं तर दहा गुंठ्यांत साधारण ६८० रोपं बसतात, पाच बाय पाच धरलं तर ४३५. पाला कापायला बाया आत शिरणार, म्हणून मी पाच फुटांकडे झुकतो. फूटभर लांब, रुंद, खोल खड्डे उन्हाळ्यात काढून तापू द्या. कुजलेलं शेणखत मातीत मिसळून भरा आणि जून-जुलैत वाफसा (माती ओली, पण चिखल नाही) बघून लावण करा.

बियांपासून रोपं होतात, पण घाई लागते. फळ पिकून काळं-जांभळं झालं की लगेच तोडायचं, गर चोळून काढायचा, बी धुवायचं आणि चार-सहा दिवसांत पिशवीत टोकायचं. कढीपत्त्याचं बी ज्वारीसारखं डब्यात भरून ठेवता येत नाही. ते वाळलं की उगवणशक्ती जाते. बाजारातून वाळकं बी आणून ‘उगवलंच नाही’ म्हणणारे दरवर्षी भेटतात. ताजं बी साधारण तीन आठवड्यांत उगवतं, आणि रोप वर्षाचं झालं की लावायला घ्या. जुन्या झाडाच्या मुळांतून येणारे फुटवे मुळासकट काढूनही लावता येतात. त्यांना आईच्याच झाडाचा वास येतो, बियांच्या रोपांत मात्र थोडाफार फरक पडतो. म्हणून ज्या झाडाचं पान चुरगळल्यावर हाताला बराच वेळ वास राहतो, त्याचेच फुटवे घ्या.

खटाव तालुका : दोन वर्षांची झाडं आहेत. थंडीत फूट थांबते, पानं पिवळी पडतात. दर आठवड्याला आंबट ताक घालतो, फरक नाही.

थंडीचं आधी. किमान तापमान १६ अंशांच्या खाली गेलं की कढीपत्त्याचे डोळे, म्हणजे नवी फूट जिथून निघते ते कोंब, झोपी जातात. माण-खटावच्या डिसेंबर-जानेवारीत हे होणारच. त्या दिवसांत खत वाढवू नका. मुळं घेत नाहीत आणि खत वाया जातं. पाणीही कमी करा. नवी लावण करणार असाल तर वाण विचारून घ्या. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने निवडलेल्या दोन वाणांपैकी डीडब्ल्यूडी १ च्या पानांत तेल जास्त, वास उग्र, पण थंडीत तो फुटायला कुचराई करतो. डीडब्ल्यूडी २ चं पान फिकट, वास थोडा सौम्य, पण थंडीला तो तितका दबत नाही. तुमच्या भागाला मी दुसरा सुचवेन.

आता पिवळेपणा. झाडाजवळ जाऊन बघा, पिवळं पान खालचं आहे की शेंड्याचं. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र कमी पडलंय, किंवा बुडाशी पाणी साचतंय. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. खटावच्या बऱ्याच रानांत चुनखडी आहे. अशा मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही.

ताकाचं मूळही इथेच आहे. आजीने सांगितलेली ती गोष्ट खोटी नाही. ताकाच्या आंबटपणाने मुळांजवळचा चुना थोडा नरमतो आणि अडकलेलं लोह थोडं सुटतं. कुंडीत किंवा परसात एखाद्या झाडाला त्याचा गुण दिसतो. चुनखडीच्या उघड्या रानात तांब्याभर ताक काहीच करू शकत नाही, दुसऱ्या दिवशी माती होती तशी होते. तिथे दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून संध्याकाळी कोवळ्या फुटीवर फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. हे थंडी सरून फूट निघाल्यावर करायचं, जानेवारीत नाही. त्याआधी मातीची तपासणी करून घ्या. चुनखडी किती आहे ते कळलं की पुढचा अंदाज चुकत नाही. ताक घरात प्यायला ठेवा.

वाळवा तालुका : शेंडे वळलेत, पानं अरुंद आणि पिळवटलेली. विषाणू रोग आहे का?

फोटोवरून ठाम सांगता येत नाही, पण शेजारी ऊस आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी उसाच्या बाजूची ओळ बघा. वळलेली झाडं त्या बाजूला जास्त आणि आत कमी असतील, तर उसातल्या तणावर मारलेल्या टू-फोर-डी तणनाशकाचा तुषार वाऱ्याने आलाय. रुंद पानांच्या झाडांना ते फार लागतं. तोच पंप नीट न धुता कढीपत्त्याला वापरला तरीही असंच होतं, म्हणून तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवा. वळलेले शेंडे छाटून टाका. नवी फूट सरळ आली तर प्रश्न मिटला.

शेंड्यावर चिकटपणा, पांढरे मेणासारखे धागे आणि बारीक टुणटुण उडणारे किडे दिसले तर ती सायला कीड आहे. ही लिंबू-संत्र्यावरचीच, कारण कढीपत्ता त्याच कुळातला. लिंबाच्या किंवा मोसंबीच्या बागेला लागून कढीपत्ता लावू नका, कीड दोन्हीकडे फिरत राहते. पानं खाणारी अळीही लिंबावरचीच. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि पुढे हिरवी होते. सकाळी फिरून हाताने वेचली तर दहा-वीस गुंठ्यांत औषधाची गरजच पडत नाही. सायलासाठी ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी गाळायचा, २०० ग्रॅम साबण विरघळवून पाणी शंभर लिटर करायचं.

तासगाव तालुका : द्राक्षबागेच्या बांधावर कढीपत्त्याची साठ झाडं आहेत. बागेबरोबर त्यांनाही औषध बसतं, त्यामुळे पाला एकदम स्वच्छ. व्यापारी जुड्या करून नेतो. आणखी लावू का?

लावू नका. आणि आहेत त्यांचाही पाला विकू नका. तुम्ही प्रामाणिकपणे विचारलंत म्हणून मीही स्पष्ट सांगतो.

ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत बागेत डावणी, भुरी हे बुरशीचे रोग आणि फुलकिडे यांसाठी किती फवारण्या होतात, ते तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. द्राक्षासाठी प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व काळ, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे ते, ठरलेला आहे आणि निर्यातीच्या मालाची उर्वरित अंश तपासणीही होते. बांधावरच्या कढीपत्त्यासाठी असा काही हिशेब कुणी ठेवत नाही. ब्लोअरचा, म्हणजे बागेतल्या फवारणी यंत्राचा, तुषार आज बसतो, उद्या पाला कापला जातो, परवा कुणाच्या तरी फोडणीत पडतो. द्राक्षाच्या मण्याच्या मानाने पानाला पृष्ठभाग फार, वजन काहीच नाही, त्यामुळे किलोमागे औषध जास्त चिकटतं. साल काढण्याची सोय नाही. धुतल्याने वरचं थोडं जातं, पण आंतरप्रवाही औषध पानात मुरलेलं असतं, ते पाण्याने निघत नाही. युरोपात भारतातून जाणाऱ्या कढीपत्त्याची कीटकनाशकांच्या अंशासाठी जादा तपासणी करतात, ती याच कारणाने. आपल्या तालुक्याच्या गावात मूल चटणी खातं, तिथे कोण तपासतं?

स्वच्छ पाला म्हणजे चांगला पाला, हा समज आधी सोडा. एखादं पान अळीने कुरतडलेलं असलं तर बिघडत नाही.

कढीपत्ता करायचाच असेल तर बागेपासून लांबचा तुकडा निवडा. हिवाळ्यात, म्हणजे फवारणीच्या ऐन दिवसांत, आपल्याकडे वारा बहुतेक पूर्वेकडून असतो, म्हणून तुकडा बागेच्या पूर्वेला असावा. मधे शेवरी किंवा गिरीपुष्पाचं दाट कुंपण धरा. कुंपणाने तुषार कमी होतो, पूर्ण थांबत नाही, म्हणून अंतर हीच खरी सोय. शेजाऱ्याची बाग असेल तर फवारणीचा दिवस सांगायला सांगा. आणि दुकानातलं कुठलंही औषध, त्याच्या लेबलवर कढीपत्त्याचं नाव नसेल तर कढीपत्त्यावर मारू नका. ‘भाजीला चालतं’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. मोनोक्रोटोफॉस तर भाजीपाल्यावर वापरायलाच बंदी आहे, तरी लोक ते मागतात.

साठ झाडं तोडायची गरज नाही. बांधाला सावली राहील, पाखरांना फळं मिळतील. घरच्या स्वयंपाकालाही त्यांचा पाला नको.

सातारा शहर : कुंडीतलं रोप तीन वर्षांत नुसतं उंच गेलं, पाला चारच फांद्यांना.

ताई, तुम्ही लागेल तसं एकेक पान तोडता, त्यामुळे झाड काठीसारखं वर गेलं. फाल्गुनात थंडी गेली की मुख्य खोड गुडघ्याएवढं ठेवून कापा. भीती वाटेल, पण कापा. खालून पाच-सहा फांद्या फुटतील. पुढे पान न तोडता पानांसकट शेंडा कापत जा. शेतात लावलेल्यांनाही हेच. रोप तीन फुटांचं झालं की शेंडा खुडा, कळी दिसली की काढा. बी धरायचं नसेल तर फुलाफळात झाडाची ताकद कशाला जाऊ द्यायची? शेतात पहिली कापणी आठ-दहा महिन्यांनी येते, पुढे फूट बघून दर अडीच-तीन महिन्यांनी. प्रत्येक कापणीनंतर शेणखत आणि पाणी चुकवू नका.

कुंडीखालचं भोक बुजलेलं नाही ना, ते आधी तपासा. साताऱ्याच्या पावसात बशीत साचलेलं पाणी मुळं कुजवतं.

पुढच्या वेळी रोगट झाडाबद्दल विचारायचं असेल तर नुसतं पान आणू नका. शेंड्यापासून वीतभर फांदी, तिच्यावर एक निरोगी आणि एक बाधित पान, ओल्या कागदात गुंडाळून त्याच दिवशी आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत उन्हात ठेवलं की सगळी पानं काळी पडतात, मग रोग कोणता आणि उन्हाचा चटका कोणता ते कळत नाही. शेजारच्या रानात आठवड्याभरात काय फवारलं गेलं, तेही विचारून या.