बाबांना म्हातारचळ लागलेला नाही

एका ताईंचा मेल आलाय, थोडक्यात सांगते. वडील 64 वर्षांचे, पार्किन्सन्सला दहा वर्षं झाली, मागच्या वर्षी डीबीएस केलं, म्हणजे मेंदूत बारीक वायर सोडून छातीत कातडीखाली बॅटरी बसवतात ते ऑपरेशन. हात थरथरायचे थांबले, चालणं सुधारलं, सगळे खूश. आता आठ महिन्यांनी कळतंय की बाबा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर पैसे लावून पत्ते खेळतात, एक एफडी मोडलीय, आणि आईने चार महिने हे कोणाला सांगितलंच नाही. भाऊ म्हणतो म्हातारचळ लागलाय. ताई विचारतात, एवढ्या लांबून मी काय करू, आणि ती मशीन बंद करून टाकता येईल का.

ताई, आधी तो म्हातारचळ शब्द घरातून काढा. हा तुमच्या बाबांचा स्वभाव नाहीये, हा बहुतेक उपचारांचा परिणाम आहे, आणि त्यावर करण्यासारखं बरंच असतं.

माझ्या बाबांना डीबीएस नव्हतं, फक्त गोळ्या होत्या. मी सुट्टीला गेले होते, रात्री तीनला पाणी प्यायला उठले तर बाबा हॉलमध्ये जमिनीवर बसलेले, समोर पेपर पसरलेला आणि त्यावर जुन्या रेडिओचे स्क्रू लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावलेले. लावून झाले की सगळे गोळा करायचे आणि परत पहिल्यापासून. झोपा ना बाबा म्हटलं तर म्हणाले, "एवढं झालं की उठतो." सकाळी सहाला तिथेच. मी फोटो काढून भावाला पाठवला, बाबांचा नवीन छंद म्हणून. त्याला पंडिंग म्हणतात आणि ते डॉक्टरांना सांगायचं असतं हे मला दीड वर्षाने कळलं, त्या दीड वर्षाचं मला अजून वाईट वाटतं.

होतं काय, तर पार्किन्सन्समध्ये डोपामिन, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन, कमी पडतं, पण मेंदूत सगळीकडे सारखं नाही. हालचालीच्या भागात फार कमी, आणि "मजा आली, परत कर" म्हणणारा भाग त्या मानाने बरा असतो. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल, रोटिगोटिनचा पॅच ही जी डोपामिन अगोनिस्ट, म्हणजे डोपामिनसारखं काम करणारी औषधं आहेत ती हालचाल सुधारता सुधारता या दुसऱ्या भागालाही चेतवतात. मग जुगार, खरेदी, खाणं किंवा सेक्स, यातलं काहीतरी आवरेनासं होतं. अमेरिका आणि कॅनडातल्या 3090 पेशंटचा एक मोठा अभ्यास 2010 मध्ये आला, त्यात अगोनिस्ट घेणाऱ्यांपैकी 17.1 टक्के लोकांना असा त्रास होता, न घेणाऱ्यांमध्ये 6.9 टक्के. म्हणजे तुमचं घर काही जगावेगळं नाही.

आता डीबीएसचं. हे दोन्ही बाजूंनी चालतं आणि इथेच घरच्यांचा गोंधळ होतो. वायर बऱ्याचदा सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या मेंदूतल्या एका छोट्या भागात टाकतात, त्यानंतर गोळ्या बऱ्याच कमी करता येतात आणि त्यामुळे काहींचा जुगार, खरेदी उलट आटोक्यात येते. पण हाच न्यूक्लियस मेंदूचा एक ब्रेकही आहे, निर्णय कठीण असला की तो म्हणतो थांब जरा. 2007 मध्ये मायकल फ्रँक या संशोधकांच्या टीमने दाखवलं की डीबीएस चालू असताना पेशंट नेमके अशा कठीण निवडीच्या वेळी थांबायच्या ऐवजी घाई करतात. शिवाय मशीनचा करंट त्या न्यूक्लियसच्या भावनांशी जोडलेल्या भागात पसरला तर माणूस अचानक खूप बोलायला लागतो, झोप कमी होते, मोठे मोठे बेत आखतो. हे सेटिंग बदलून बऱ्याचदा कमी करता येतं.

म्हणून मशीन स्वतः बंद करू नका, एकदम बंद केली तर थरथर आणि आखडणं जोरात परत येऊ शकतं. गोळ्याही अचानक थांबवू नका, अगोनिस्ट एकदम तोडलं तर घाबरं होणं, घाम, नैराश्य असा वेगळाच त्रास सुरू होतो. कमी करायचं ते डॉक्टरांनी, हळूहळू.

लांबून काय करायचं? व्हिडिओ कॉलवर बाबांचा हात दिसतो, रात्र दिसत नाही. आईला एकटीला फोन करा आणि "सगळं ठीक ना" असं विचारू नका, त्याला उत्तर "हो"च येतं. सरळ विचारा, बाबा किती वाजता झोपतात, पैसे कुठे जातात, खाणं वाढलंय का. आणि सेक्सचंही विचारा, अवघड आहे मला माहितीये, पण आई स्वतःहून मुलीला हे कधीच सांगणार नाही, आणि बऱ्याच घरात तीच सगळ्यात जास्त सोसत असते. तुम्हाला जमत नसेल तर मावशीला सांगा. बाबांचं मन उदास वाटतं का तेही बघा, ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षात आत्महत्येचा धोका वाढलेला असतो, त्याची जराशी शंका आली तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

मग एका कागदावर लिहा: कुठलं औषध, किती, किती वाजता, ऑपरेशनची तारीख, शेवटचं प्रोग्रॅमिंग, म्हणजे मशीनचं सेटिंग, कधी झालं, हे वागणं कधीपासून. तो कागद न्यूरोलॉजिस्टला आणि प्रोग्रॅमिंग करणाऱ्या टीमला, दोघांनाही पाठवा, कारण बऱ्याचदा प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. पुढच्या भेटीला तुम्ही व्हिडिओवर हजर राहा. आईबाबा तुमच्याकडे राहायला येणार असतील तर मशीनचं कार्ड आणि सध्याच्या सेटिंगचा प्रिंट बरोबर असू दे, एका कंपनीची मशीन दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅमरवर चालत नाही.

पैशाचं आजच करा. कार्ड मोबाईलमधून काढा, खर्चाची लिमिट कमी करा, मोठ्या रकमेला दुसरी सही लागेल असं बँकेत करून घ्या, पण बाबांना सांगून. चोरून केलं तर ते दुसरा रस्ता शोधतील आणि आईवरचा विश्वास जाईल. तुम्ही लिहिलंय बाबा हल्ली फोनवर डोळे चुकवतात. त्यांनाही लाज वाटत असणार. गोळ्यांचा परिणाम बरा चालू असेल अशा वेळी फोन करा आणि म्हणा, बाबा, हे औषधामुळे आणि मशीनमुळे होतंय असं मला वाटतं, आपण डॉक्टरांना सांगू या. माझ्या बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग स्वतःच म्हणाले, रात्री मोबाईल तुझ्या आईकडे देत जाईन.