नव्या हिरो एक्सपल्स २०० बाइकमध्ये पावसाळ्याआधी काय बदलू, सायलेन्सर की टायर?

दोन्ही नको, साताऱ्याहून कास, बामणोली, तापोळा असं भर पावसात फिरायचं असेल तर पहिला खर्च पंक्चरच्या सामानावर करा. माझी हीच गाडी चार पावसाळे या रस्त्यांवर चालली आहे. चाकं तारांची, त्यामुळे आत ट्यूब. कासच्या पुढे पंक्चर झाली की दुकान शोधत बसायची सोय नाही. सोबत ठेवा:

- टायर उचकटायच्या दोन पट्ट्या, छोटा हातपंप
- पुढच्या चाकाची २१ इंची ट्यूब (अडचणीत मागच्या १८ इंची चाकातही बसते, घरी आल्यावर बदलायची)
- क्लचची वायर आणि क्लच लिव्हर

चिखलात हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा, डांबरीवर येताच पुन्हा भरा. कमी हवेत दगडावर आदळलात तर ट्यूब चिमटते, रिमही वाकतो. घरी आल्यावर चेन आणि ब्रेक पॅडमधला लाल चिखल ओला असतानाच धुवा. वाळला की तो पॉलिश पेपरसारखा घासतो. चेन सुकली की तेल. एअर फिल्टर उघडून बघाच, धुणं तिथं संपत नाही.

टायर झिजले की गुटक्यांचे (मोठ्या ठोकळ्यांचे) घ्यावेसे वाटतील, पण यवतेश्वर घाटाच्या ओल्या डांबरावर ते घसरतात, आणि तुमचं निम्मं फिरणं डांबरीवरच होणार. अपवाद एकच: रोज शेतातल्या वाटेनं जात असाल तर खुशाल घाला. कासच्या सड्यावर (फुलांच्या पठारावर) मात्र कुठलेही टायर असोत, गाडी घालू नका.