१९६६च्या फियाट डिलाइटमध्ये कोणता रेडिओ शोभेल आणि तो कसा बसवावा

प्रश्न थोडक्यात असा: १९६६ची फियाट ११०० डिलाइट, पत्राकाम आणि रंग झाला आहे, आता तिला तिच्या काळाचा रेडिओ हवा. चोर बाजारात तीन सेट दाखवले गेले. एफएमचे बटण असलेला चालू ब्लाउपुंक्ट, व्हायब्रेटरवर (बॅटरीच्या करंटपासून जास्त व्होल्टेज बनवायला लागणारा कंप पावणारा स्विच) चालणारा व्हॉल्व्हचा सेट, आणि नॉब-पट्ट्या सगळे जागेवर असलेला पण मुका फिलिप्स ट्रान्झिस्टर, मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्हवाला. यातला कोणता?

फिलिप्स घ्या. तो बंद आहे म्हणून घाबरू नका. आतली इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त होते, पण हरवलेला नॉब किंवा डायलभोवतीची क्रोमची चौकट वर्षभर फिरूनही मिळेल याची खात्री नाही. "वाजतोय" यापेक्षा "पूर्ण आहे" याला जास्त पैसे द्यावेत.

ब्लाउपुंक्ट वाईट नाही, तुमच्या गाडीसाठी चुकीचा आहे. जर्मनीत एफएमचे कार रेडिओ १९५२पासून होते, त्यामुळे सेट १९६६चा असूही शकतो. पण आपल्याकडे एफएम प्रक्षेपण सुरू झाले १९७७मध्ये, तेही मद्रासला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या १९६६च्या फियाटमध्ये एफएमचा सेट बसवण्याचे कुणाला कारणच नव्हते. अशा सेटच्या बटणांवरची अक्षरे वाचा: एम म्हणजे मीडियम, के म्हणजे शॉर्ट, एल म्हणजे लाँग, यू म्हणजे एफएम. लाँगवेव्हचा पट्टा दिसला की तो युरोपच्या बाजारासाठी बनलेला माल समजायचा. व्हॉल्व्हचा सेट पन्नाशीच्या दशकातल्या मिलेचेंतोला, म्हणजे जुन्या फियाट ११००ला, छान दिसेल. १९६६पर्यंत ट्रान्झिस्टरने त्याची सद्दी संपवली होती. शिवाय तो काही अँपिअर करंट ओढतो, आणि रात्री हेडलाइट लावून हळू चालवताना डायनॅमोला ते झेपत नाही.

शॉर्टवेव्हचा पट्टा ही तर जमेची बाजू. १९५२च्या सुमारास बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झाले आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले, तेही शॉर्टवेव्हवर. विविध भारती आली ३ ऑक्टोबर १९५७ला. त्यानंतरही सिलोनची सवय सुटली नाही, म्हणून त्या दशकातल्या भारतीय गाडीत हे दोन पट्टे अगदी स्वाभाविक वाटतात. डायलवर आकडे "केसी"मध्ये (किलोसायकल, किलोहर्ट्झचे जुने नाव) आहेत की "किलोहर्ट्झ"मध्ये, तेही बघा. जर्मन सोडून इतर सेटवर किलोहर्ट्झ छापले असेल, तर तो सहसा सत्तरीकडचा निघतो. जुन्या मालकाच्या कागदांत पोस्टाचे रेडिओ लायसन्स मिळाले तर जपून ठेवा. त्यावरच्या शिक्क्यांवरून कोणत्या वर्षी लायसन्स भरले होते ते कळते.

पैसे देण्याआधी दुकानातच चार गोष्टी करा. ट्यूनिंगचा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि बाजूच्या भोकातून टॉर्च मारून बघा: फेराइटच्या काड्या कॉइलमध्ये एकत्र आतबाहेर व्हायला हव्यात. एखादी तुटून आत राहिली असेल तर सेट सोडून द्या. नॉब काढून दांडा मोजा. युरोपियन दांडा बहुधा ६ मिलिमीटरचा, इंग्लिश पद्धतीचा ६.३५चा, आणि एकाचा नॉब दुसऱ्यावर नीट बसत नाही. दोन दांड्यांमधले अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजून डॅशच्या भोकांशी जुळवा. जुळत नसेल तर पत्रा कापू नका. डॅशखाली पट्ट्यांवर सेट टांगणे हीसुद्धा त्या काळचीच रीत आहे. डायलच्या काचेला मागून हात लावू नका. अक्षरे आतल्या बाजूने छापलेली असतात आणि स्पिरिटच्या एका बोळ्यात पुसून जातात.

आता पोलॅरिटी. तुमच्या फियाटची बॉडी निगेटिव्ह, म्हणजे बॅटरीचे मायनस टोक बॉडीला जोडलेले. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे बरेच सेट मात्र आतून पॉझिटिव्ह अर्थचे, म्हणजे प्लस टोक चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेले असतात. काहींच्या मागे किंवा बुडाशी उलटसुलट बसणारा छोटा प्लग असतो, तो आधी तपासा. असा प्लग नसेल आणि सेट पॉझिटिव्ह अर्थचा असेल, तर त्याची चासी गाडीच्या पत्र्याला टेकताच शॉर्ट होईल, आणि वायरी उलट जोडल्या तर कंडेन्सर व ट्रान्झिस्टर दोन्ही जातील.

टेबलावर पहिल्यांदा करंट देताना स्पीकर जोडलेलाच हवा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरवाला सेट स्पीकरशिवाय चालवला की जर्मेनियमचा आउटपुट ट्रान्झिस्टर मरतो. चासीवर ३ किंवा ५ ओहम लिहिले असले तरी ४ ओहमचा स्पीकर चालतो. पॉझिटिव्ह वायरीत १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावा. बल्ब मंद लागला तर ठीक. पूर्ण पेटला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. व्होल्टेज गुळगुळीत करणारे मोठे कंडेन्सर आधी बदला, त्याच क्षमतेचे पण २५ व्होल्टचे. पीएनपी (उलट पोलॅरिटीवर चालणाऱ्या) ट्रान्झिस्टरच्या सेटमध्ये त्यांचे प्लस टोक चासीकडे असू शकते, म्हणून जुना काढण्याआधी फोटो घ्या. आयएफ कॉइलच्या (आतल्या, आधीच जुळवून ठेवलेल्या कॉइलच्या) स्लगला, म्हणजे फेराइटच्या स्क्रूला, लोखंडी स्क्रू ड्रायव्हर लावू नका, तो तडकतो.

एवढे करूनही सेट मुका किंवा खरखरता राहिला, तर एएफ ११४ ते एएफ ११७ या ट्रान्झिस्टरांकडे वळा. यांना चार पाय असतात. चौथा पाय आतल्या धातूच्या टोपीला जोडलेला असतो. वर्षानुवर्षांत टोपीच्या आतून कथलाचे केसासारखे धागे वाढतात आणि टोपीला इतर पायांशी शॉर्ट करतात. सेट बंद करून, चौथा पाय बोर्डापासून सोडवून, टोपी आणि बाकीच्या तीन पायांमध्ये मल्टिमीटर लावा. काहीही रीडिंग आले तर तो पाय तसाच तोडून ठेवा. बहुतेक वेळा सेट लगेच बोलू लागतो. नवा ट्रान्झिस्टर शोधत मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार असलेला लॅमिंग्टन रोड पालथा घालण्याआधी हे करावे. आउटपुटचा ट्रान्झिस्टर एडी १४९ बदलावा लागला तर खालची अभ्रकाची चकती आणि पेस्ट विसरू नका, नाहीतर कलेक्टर थेट चासीला लागतो. क्लास ए सेटमध्ये (ज्यात आउटपुट ट्रान्झिस्टरमधून सतत करंट वाहतो) तो हाताला चांगलाच गरम लागतो, ते दुखणे नव्हे.

गाडीत बसवताना सेटच्याच वायरीत २ अँपिअरचा फ्यूज घाला. एरियलच्या बुडाखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करा. केबलची जाळी आणि बॉडी यांत १ ओहमपेक्षा कमी, मधली तार आणि बॉडी यांत काहीच रीडिंग नको. पावसाळ्यानंतर ही दुसरी तपासणी पुन्हा करा, बुडात पाणी शिरून गळती होते. एरियलची केबल जोड देऊन लांबवू नका. तिचा कपॅसिटन्स वाढतो आणि सेटचा ट्रिमर (जुळवणीचा छोटा फिरता कंडेन्सर) तो भरून काढू शकत नाही.

इंजिनचा आवाज रेडिओत येत असेल तर तो कुठला ते आधी ओळखा. रेडिओ थेट बॅटरीवर घ्या, गाडी उभी ठेवून रेस करा आणि इग्निशन बंद करा. आवाज तत्क्षणी थांबला तर प्लग-कॉइलचा, इंजिनबरोबर विरत गेला तर डायनॅमोचा. पहिल्यासाठी ५ किलोओहमच्या प्लग कॅप आणि कॉइलच्या स्विचकडच्या टोकावर १ मायक्रोफॅरडचा सप्रेसर, म्हणजे खरखर दाबणारा कंडेन्सर. पॉइंटकडच्या टोकावर तो लावला तर ठिणगी कमजोर होते. दुसऱ्यासाठी तसाच सप्रेसर डायनॅमोच्या ५१ टर्मिनलवर, लुकासचा असेल तर डीवर. ६७ म्हणजे फील्डवर, किंवा लुकासच्या एफवर, कधीही नको. व्होल्टेज रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. बोनेट आणि बॉडी यांत तांब्याची एक जाळीची पट्टी टाकली की उरलेली कुरकुर बरीच कमी होते.

शेवटी एरियल पूर्ण उघडा, १४०० केसीच्या आसपासचे एखादे क्षीण स्टेशन रात्री लावा आणि एरियलच्या सॉकेटजवळच्या भोकातला ट्रिमर आवाज सर्वात मोठा येईपर्यंत फिरवा. हे राहून गेले तर उत्तम सेटही बहिरा वाटतो, आणि लोक उगाच पार्ट बदलत बसतात.

आकाशवाणीची बरीच मीडियम वेव्ह प्रक्षेपणे बंद झाली आहेत, त्यामुळे ऐकायचे काय हा प्रश्न येईलच. सेट फोडून आत एफएमचा बोर्ड घालू नका. फोनचे दोन्ही चॅनल प्रत्येकी १ किलोओहममधून एकत्र करा, मग १ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकाला डाग (सोल्डर) द्या आणि वायर मागून ग्लोव्ह बॉक्समध्ये न्या. चासी पॉझिटिव्ह अर्थची असेल तर मध्ये छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर हवाच, कारण फोन चार्जरला लावलेला असला की त्याची निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला जोडली जाते. गाणी लावताना काटा दोन स्टेशनांमधल्या शांत जागेवर ठेवा. हे दोन डाग पुढच्या मालकाला पाच मिनिटांत काढता येतात.